कांद्यावरून वाक्प्रचार कसा पिकवायचा: उळ्यापासून चाळीपर्यंत

आमच्या ऑफिसात संध्याकाळची मीटिंग लांबली की कुणीतरी पुटपुटतं, "माना पडल्या." दोन मिनिटांत लॅपटॉप मिटतात. नवीन आलेल्या माणसाला अर्थ सांगावा लागत नाही, आजूबाजूच्या चेहऱ्यांकडे पाहिलं की कळतो. उन्हाळ कांद्याच्या वावरात साधारण निम्म्या पाती मानेपाशी मोडून आडव्या झाल्या, की कांदा काढणीला आला असं समजतात. माणसांचंही तसंच. निम्म्या माना पडल्या की काढणी करावी, उगाच पाणी देत बसू नये.

हा वाक्प्रचार निफाडकडच्या आमच्या वावरातून मीच ऑफिसात आणला. त्याच्याआधी आणि नंतरही बरेच आणले. निम्मे जागीच सडले. पण सडले का आणि टिकले का, हे पाहता पाहता एक पद्धत हाताला लागली, ती खाली देतो. कांद्याच्या जागी तुमच्या घरची कुठलीही भाजी घालता येईल. मी कांद्यावर थांबलोय कारण मला तोच कळतो.

पायरी १: भाजी निवडताना आधी जागा रिकामी आहे का ते बघा

मराठीत भाज्यांच्या बऱ्याच जागा आधीच भरलेल्या आहेत. परीक्षेतलं शून्य भोपळ्याकडे आहे, शिवाय भ्रमाचा भोपळा फुटतो आणि विळ्याशी त्याचं पटत नाही, म्हणजे एकट्याने तीन खाती सांभाळलीत. आमिष गाजराकडे. मंदबुद्धी माठ आणि रताळ्याने वाटून घेतलीय. (माठ मातीचा की भाजीचा, हा वाद आमच्या घरी जेवणाच्या ताटावर होतो आणि भाजी माठाची असली तर जास्तच रंगतो.) उंच आणि किडकिडीत माणूस म्हणजे पडवळ. झोंबणं मिरचीचं, कडूपणा कारल्याचा, खवखव अळवाची. अळवावर तर वरून पाणीही ठरत नाही.

या भाज्यांवर नवीन काही करायला गेलात तर जुना अर्थ आडवा येतो. "त्याने मला गाजर दिलं" यात तुम्हाला काहीही म्हणायचं असो, ऐकणारा आमिषच ऐकणार.

भेंडीच्या वाटेला जाऊच नका. मुंबईच्या पोरांनी ती एका हिंदी शिवीवर पांघरूण म्हणून कधीच उचललीय. तुम्ही कितीही निरागसपणे भेंडीवरून विनोद करा, आजीसमोर तुमचीच पंचाईत होईल. वांगं, काकडी यांचंही थोडं तसंच आहे.

ब्रोकोली, झुकिनी वगैरे मंडळींवर काही बेतता येतं, पण ते फक्त तीच भाजी घेणाऱ्यांत चालतं. वाक्प्रचाराला रोजची भाजी लागते. घरात संपली तर शेजारून मागून आणावी अशी.

पायरी २: जुना माल उलटून पाहा

कांद्याच्या नावावर दोन पक्के प्रयोग आधीपासून आहेत. एक, नाकाने कांदे सोलणे. स्वतःच्या घरी अंधार असताना दुसऱ्याला सोवळेपणा शिकवणाऱ्यासाठी याहून नेमकं काही मराठीत नाही. दुसरा, कांदेपोहे. हा तर इतका मुरलाय की "पोरीचे कांदेपोहे चाललेत" म्हटल्यावर डोळ्यांपुढे ताटली येतच नाही, येतो तो हॉल, सोफा आणि "तुम्हाला काय काय आवडतं?" हा प्रश्न.

दोन्हींत काय आहे ते बघा. दोन्हींत काहीतरी घडतंय. सोलणं आहे, ते चुकीच्या अवयवाने आहे, म्हणून चित्र हसवतं. कांदेपोह्यांत बशी हातात घेऊन कुणीतरी कुणासमोर आलंय. "तो कांद्यासारखा आहे" अशी नुसती उपमा यात कुठेही नाही. मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट हीच: भाजीचा आकार घेऊ नका, भाजीचं वागणं घ्या. आकारावरून फार तर टोपणनाव निघतं. वागण्यावरून निघालेलं क्रियापद कुणालाही, कुठल्याही प्रसंगात लावता येतं.

पायरी ३: भाजीच्या मागे मागे फिरा

ही पायरी सगळ्यात वेळखाऊ आहे, आणि लोक हीच टाळतात. खुर्चीवर बसून कांद्याचा विचार केला तर दोनच गोष्टी सुचतात: डोळ्यांत पाणी आणि एकावर एक पापुद्रे. दोन्हींचा चोथा झालाय. "माणूस कांद्यासारखा असतो, पापुद्रा काढावा तसा..." असं सुचलं तर वही मिटून चहा प्यावा. डोळे पाणावल्यावर "इथे कांदा कोण चिरतंय?" म्हणणंही इंग्रजी इंटरनेटवरून उतरवलेलं आहे. त्यात आपलं काही नाही.

म्हणून वावरापासून ताटापर्यंत चाला आणि तिथल्या लोकांच्या तोंडचे शब्द टिपा. माझ्या वहीतली काही पानं:

*डेंगळा.* थंडी मानवली नाही, रोप वेळेआधी लागलं किंवा बियाणंच गचाळ निघालं, की कांद्याला मधूनच फुलाचा दांडा फुटतो. दांडा दिसायला झोकदार, वर गोंडा. पण सगळी ताकद तिकडे गेल्यामुळे खालचा कांदा पोसत नाही, मधोमध कडक दांडी राहते आणि बाजारात त्याला कुणी विचारत नाही. आता आठवा: धंदा सुरू व्हायच्या आधी व्हिजिटिंग कार्ड, लोगो आणि उद्घाटनाचा व्हिडिओ करणारा तुमचा मित्र. त्याला डेंगळा आलाय.

*पात टाकणे.* काढलेला कांदा दोन-तीन दिवस पातीसकट वावरातच वाळवतात. ओळी अशा लावतात की एका ओळीची पात मागच्या ओळीच्या कांद्यांवर पडावी, म्हणजे उन्हाने कांदा भाजत नाही. मी लहानपणापासून हे करत आलो, पण त्यात वाक्प्रचार दडलाय हे ऑफिसात कळलं. सहकाऱ्याला उशीर झाला आणि साहेबांनी विचारलं, तेव्हा "आत्ताच खाली गेलाय" असं सांगून मी त्याच्यावर पात टाकली. आज तो माझ्यावर टाकतो. वाक्प्रचार बहुतेक टोचणारेच निघतात. मायेचा असा एखादाच सापडतो, तो जपून वापरावा.

*गोल्टी.* लिलावाला नेण्याआधी कांद्याची निवड होते. मोठा वेगळा, मध्यम वेगळा, बारका तो गोल्टी. चव तीच, भाव कमी. "मला गोल्टीत काढलं" हे लग्नाच्या पंगतीत मागच्या टेबलावर बसवलेल्या पाहुण्यापासून पगारवाढीच्या यादीत तळाला राहिलेल्या माणसापर्यंत कुणालाही म्हणता येतं.

*जोडकांदा.* एका सालीत दोन कांदे. वजन भरतं, पण व्यापारी नाक मुरडतो. एकाला जेवायला बोलावलं की दोघं येतात, असे मित्र प्रत्येकाचे असतात.

*चाळीत ठेवणे.* याच्यावर मी सगळ्यात जास्त खूश आहे. उन्हाळ कांदा एप्रिल-मेमध्ये घरात येतो तेव्हा भाव पडलेला असतो. म्हणून तो हवेशीर चाळीत भरतात आणि पावसाळा सरता सरता भाव चढेल म्हणून वाट बघतात. कधी चढतो. कधी चढेपर्यंत वजन घटतं, खालचा थर सडतो, वरच्याला कोंब येतात. चार-पाच महिन्यांत तिसरा हिस्सा गेला तरी कुणाला नवल वाटत नाही. आता हे शब्द कांदेपोह्यांशेजारी ठेवा. "काय रे, राहुलचं जमलं का?" "कुठलं? चाळीत ठेवलाय. अजून भाव चढेल म्हणतो त्याची आई." आणि वर्षभराने: "कोंब आला आता." जुन्या वाक्प्रचाराच्या बांधाला लागून नवा लावला की त्याला आयतं पाणी मिळतं, ते हे असं. शहरातल्यांना चाळ म्हटल्यावर बटाट्यांची किंवा गिरगावातली आठवते. आठवू दे, अर्थाला धक्का लागत नाही.

स्वयंपाकघरातही बरंच सापडतं. अख्खा कांदा कुणाला रडवत नाही, सुरी लागली की रडवतो. पेशी फुटतात, आतले गंधकाचे पदार्थ आणि विकरं (एन्झाइम) एकत्र येतात आणि वाफ डोळ्यांत जाते. यातलं अश्रू आणणारं खास विकर हुडकणाऱ्या जपानी संशोधकांना 2013 साली रसायनशास्त्राचं इग नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवणारं आणि मग विचार करायला लावणारं जे पारितोषिक असतं ते. वाक्प्रचाराला यातून मिळालं ते "न चिरता रडणे". निकाल लागायला आठ दिवस असताना उशी भिजवणाऱ्या पोरासाठी. "अरे, अजून सुरी तरी लावलीस का?"

आणि "बदामी पाच मिनिटं". पाककृतीत लिहिलेलं असतं, "कांदा पाच मिनिटं बदामी रंगावर परतून घ्या." ज्याने कधी खरंच परतलाय त्याला विचारा. मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं जातात, मध्ये एकदा करपतो, एकदा पाणी शिंपडावं लागतं. म्हणून "निघालोच, पाच मिनिटांत पोचतो" असा फोन आला की आमच्याकडे विचारतात, "साधी का बदामी?"

पायरी ४: वाक्यात बसवून बघा

शब्द सापडला म्हणजे वाक्प्रचार झाला नाही. त्याला मराठी वाक्यात तीन-चार जागी बसवून बघायचं.

आधी काळ बदला. डेंगळा येतो, आला, येणार, येऊ देऊ नको. चालतंय. मग माणूस बदला. मला, तुला, आमच्या साहेबांना. तेही चालतंय. मग हाक मारून बघा. मराठीत भाजीची शिवी व्हायला संबोधन लागतं: रताळ्या, माठा, भोपळ्या. "डेंगळ्या" ठणठणीत बसतं, "गोल्टे" लाडिक बसतं, "जोडकांद्यांनो" म्हणताना दम लागतो, म्हणून ते हाकेत टिकलं नाही.

आवाजाकडे कान द्या. ळ, ड, ट, भ असलेला शब्द तोंडात गोळीसारखा फिरतो. भोपळा, रताळं, पडवळ, डेंगळा यांना नुसतं उच्चारलं तरी हसू येतं. "कांद्याची पुनर्लागवड" कितीही अचूक असो, तोंडात मेणासारखी चिकटते.

लांबीबद्दल एवढंच: तीन शब्दांच्या पुढे गेलात तर तो विनोद सांगणं झालं.

पायरी ५: कुणाला लागेल ते आधी बघा

डेंगळा मला सुचला तेव्हा मी दिवाळीत गावी होतो. पुतण्याने यूट्यूब चॅनल काढलं होतं. एकही व्हिडिओ नव्हता, पण चॅनलच्या नावाचे टी-शर्ट छापून तयार होते. ओट्यावर सगळे बसलेले असताना मी म्हटलं, "याला डेंगळा आलाय." पोरं हसली. तात्या हसले नाहीत. तंबाखू मळता मळता म्हणाले, "डेंगळा हसायची गोष्ट नाय रे. त्या साली सगळं वावर गोंड्यांनी भरलं होतं, तू बोर्डिंगला होतास. लोकं रस्त्यानं जाताना म्हणायची, फुलशेती केली का काय."

मी गप्प. थोड्या वेळाने त्यांनीच पुतण्याकडे बघितलं आणि म्हणाले, "पर याचा डेंगळा येळेवर दिसला. आत्ताच मोडून टाका, खाली कांदा धरंल कदाचित."

डेंगळा मोडला तरी कांदा पुढे फारसा पोसत नाही, हे तात्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. पण त्या वाक्याने दोन गोष्टी शिकवल्या. एक, ज्याच्या घरात त्या शब्दाने नुकसान केलंय त्याच्यासमोर तो शब्द उधळू नये, निदान त्याने स्वतः उचलेपर्यंत. भाव पडलेल्या वर्षी रडण्यावरचे सगळे कांदेविनोद मी बंद ठेवतो. निर्यातबंदीच्या बातम्या चालू असताना तर लासलगावच्या बाजूला तोंडच उघडू नये. दोन, ज्याला काम माहीत आहे तो तुमचा वाक्प्रचार पुढे नेतो. "डेंगळा मोडणे" हे तात्यांचं आहे, माझं नाही, आणि ते मूळ वाक्प्रचारापेक्षा जास्त कामाला येतं.

बाकी खबरदारी थोडक्यात. कुणाच्या देहावरून नको. कांदा न खाणाऱ्यांच्या श्रद्धेवरून तर नकोच: जैन कुटुंबं आहेत, माळकरी आहेत, चातुर्मास पाळणारे आहेत. त्यांच्याकडे कांद्याचे स्वतःचे विनोद आहेत आणि ते आपल्यापेक्षा बरे आहेत. आषाढ शुद्ध नवमीला, म्हणजे कांदेनवमीला, चार महिन्यांची भजी एका दिवसात खाणाऱ्या घरांत जाऊन बघा.

पायरी ६: सांगू नका, वापरा

इथे बहुतेक जण माती खातात. नवा शब्द सुचला की ग्रुपवर टाकतात: "मी एक नवीन म्हण केली आहे, अर्थ असा..." त्याला तीन अंगठे आणि एक गुलाबाचं फूल मिळतं, आणि शब्द तिथेच मरतो.

माझी रीत अशी. पहिल्या दिवशी शब्द प्रसंगात टाकायचा आणि पुढे बोलत राहायचं. कुणी "म्हणजे?" विचारलं तर एका ओळीत सांगायचं, दुसरी ओळ नाही. दोन-तीन दिवसांनी वेगळ्याच प्रसंगात पुन्हा. तिसऱ्यांदा वापरायच्या आधी थांबायचं. आठवड्याभरात दुसऱ्या कुणी तो आपणहून वापरला तर लागला. नाही वापरला तर सोडून द्यायचा, रुसायचं नाही.

"उळे टाकणे" असंच गेलं. उळे म्हणजे आमच्याकडे कांद्याचं बी. नव्या प्रकल्पाच्या पहिल्या दिवशी मी मोठ्या थाटात म्हटलं, "चला, उळे टाकलं." खोलीत सोळा माणसं होती. एकीने विचारलं, "उलट्या?" दुसरा म्हणाला, "कुणाला बरं नाही का?" दुपारपर्यंत शब्द संपला होता. पुण्यात उळे कुणाला माहीत नाही, आणि वाक्यातही अर्थ पकडायला काही धागा नव्हता. "माना पडल्या" मध्ये तो आहे: मान सगळ्यांना असते, आणि साडेपाचला पडलेली दिसतेही. अनोळखी शब्द चालतो, पण त्याच्या शेजारी एक ओळखीचा शब्द किंवा समोर दिसणारा प्रसंग हवा. "पात टाकणे" मध्येही थोडा घोळ झाला, कारण गावाकडे पात म्हणजे खुरपणाऱ्या मजुरांची रांगही. पण शहरात तो अर्थ कुणाला आठवत नाही, म्हणून निभावलं.

लिहायची घाई करू नका. हे शब्द आधी तोंडी वाढतात. मेसेजमध्ये टाकायचाच असेल तर स्मायली न लावता टाका. जो शब्द स्मायलीशिवाय उभा राहत नाही त्याने अजून मूळ धरलेलं नाही.

पायरी ७: हातातून सुटला की सोडून द्या

चांगला लागलेला वाक्प्रचार तुमच्या अर्थाने राहत नाही. मी गोल्टी आणली ती कमी भावात काढलेल्या माणसासाठी. मागच्या महिन्यात आमच्या अकाउंट्समधल्या ताईंना साहेबांनी विचारलं, "झालं का काम?" त्या स्क्रीनवरून नजर न हलवता म्हणाल्या, "मोठी बिलं गेली सगळी. दोन-चार गोल्ट्या राहिल्यात, त्या काढते आणि निघते."

माणसाची गोल्टी कामाची झाली होती. त्यांना लिलाव माहीत नाही, निवड माहीत नाही, शब्द माझ्याकडून आला हेही आठवत नसावं. मला क्षणभर वाटलं, सांगावं. मग घड्याळ बघितलं. पावणेसहा झाले होते, आणि त्यांच्या पलीकडच्या टेबलावर दोन माना पडल्या होत्या.